तालुक्यातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना: आमच्या गोळीचे मिलिग्रॅम बघून अंदाज बांधू नका

प्रति,
तालुक्यातले सगळे फॅमिली डॉक्टर, मेडिकल स्टोअरवाले दादा-ताई आणि रक्ततपासणीच्या कलेक्शन सेंटरवाले

नमस्कार.

मागच्या दिवाळीच्या आधी नेहमीचं मेडिकल बंद होतं म्हणून मी दुसरीकडे गोळ्या घ्यायला गेलो. चिठ्ठीवर टॅक्रोलिमस ५ एमजी, सकाळी एक रात्री एक, असं स्वच्छ लिहिलेलं. काउंटरवरच्या दादांनी चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं (५८ किलोचा माणूस मी, काठीला शर्ट अडकवल्यासारखा दिसतो) आणि आतून ०.५ एमजीच्या कॅप्सूल काढून दिल्या. मी पण गाडी स्टँडला लागलेली म्हणून पाकीट न बघता खिशात टाकलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "आरं, ही गोळी बारकी दिसतीया." तिला इंग्लिश वाचता येत नाही, पण माझी गोळी तिला डोळे झाकून हाताला ओळखू येते, कारण २०१९ पासून तिची किडनी माझ्या पोटात आहे आणि ती किडनी टिकवायचं काम ही गोळी करते.

दुसऱ्या दिवशी परत गेलो तर दादा अगदी मनापासून म्हणाले, "पाच एमजी कोण घेतंय हो, मला वाटलं पॉइंट द्यायचा राहिला." त्यांचं चुकलंच, पण ते मुद्दाम काही करत नव्हते, त्यांच्याकडे येणारे बाकीचे पेशंट एक-दीड एमजीवाले, त्यांच्या हिशोबात माझा आकडा बसेना, म्हणून त्यांनी आकडा दुरुस्त केला. आईने बघितलं नसतं तर मी महिनाभर दहाव्या हिश्श्याच्या डोसवर राहिलो असतो, आणि शरीराने आईची किडनी परकी म्हणून कुरतडायला घेतली असती, ते पण काही दुखत-खुपत नसताना. रिजेक्शन बऱ्याचदा गुपचूप येतं, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) वाढल्यावरच कळतं.

तर हे पत्र त्या "पाच एमजी कोण घेतंय" वर आहे.

मी घेतो. दिवसाला १० एमजी. आणि माझ्याच ट्रान्सप्लांट युनिटच्या ओपीडीत बाकावर शेजारी बसणारे एक काका आहेत, वजन ६० किलो, ऑपरेशन माझ्याच वर्षातलं, ते दिवसाला २ एमजी घेतात. दोघांची रक्तातली लेव्हल मात्र सारखीच, सहा-सातच्या आसपास. सुरुवातीला मला वाटायचं माझी किडनी खराब बसलीय म्हणून औषध जास्त लागतंय, काकांना वाटायचं त्यांना स्वस्तातलं कमी औषध देतायत. दोघंही मनातल्या मनात झुरत होतो, विचारायचं धाडस कुणाला नाही.

ऑपरेशननंतर मला वजनाच्या हिशोबाने ३ सकाळी ३ रात्री सुरू केलं होतं, म्हणजे किलोमागे ०.१ एमजी, बऱ्याच ठिकाणी असंच करतात. तिसऱ्या दिवशी लेव्हल आली ३.६, पाहिजे होती आठच्या वर. मग चार-चार, पाच-पाच, सहा-सहा, रोज सकाळी सॅम्पल आणि संध्याकाळी डॉक्टर मॅडमच्या कपाळावर आठी. वॉर्डातल्या एका सिस्टरने तर आईला बाजूला घेऊन विचारलं, गोळ्या घेतो ना हा नीट, का टाकून देतो. चोर ठरवलेला तो दिवस मला अजून आठवतो. शेवटी एक जीन टेस्ट केली आणि उलगडा झाला.

टॅक्रोलिमस तोडायचं काम मुख्यतः आतड्यात आणि लिव्हरमध्ये होतं, ते करणारी दोन एन्झाइम आहेत, सीवायपी थ्री-ए-फोर आणि थ्री-ए-फाइव्ह. फोर सगळ्यांकडे असतं, कुणात कमी कुणात जास्त. फाइव्हची गंमत अशी की ते काही लोकांत चालू असतं आणि काहींत जवळपास बंद. जीनमधलं एक अक्षर बदललं की एन्झाइम नीट तयारच होत नाही, त्या बंद कॉपीला स्टार-थ्री म्हणतात, चालू कॉपीला स्टार-वन. आई-बापाकडून एक-एक कॉपी येते, दोन्ही बंद असतील तर औषध रक्तात रेंगाळतं आणि थोडक्या डोसात भागतं, एक जरी चालू असली तरी औषध आत गेल्या-गेल्या तुटायला लागतं. युरोपातल्या गोऱ्या लोकांत दहातल्या आठ-नऊ जणांच्या दोन्ही कॉपी बंद, आफ्रिकन वंशाच्या बहुतेकांची निदान एक चालू, आणि आपण भारतीय मधोमध, साधारण निम्म्यांची चालू. म्हणजे आपल्या वॉर्डात दोन खाटा शेजारी-शेजारी असल्या तर एकाला एक डोस आणि दुसऱ्याला त्याच्या दुप्पट लागणं यात नवल काहीच नाही. सीपिक नावाचा जीन आणि औषधांवर काम करणारा आंतरराष्ट्रीय गट आहे, त्यांनी २०१५ मध्ये लिहूनच ठेवलंय की चालू कॉपीवाल्याला सुरुवातीचा डोस दीड ते दोनपट द्या, दिवसाला किलोमागे ०.३ एमजीच्या वर जाऊ नका, आणि पुढचं लेव्हल बघून ठरवा.

मी मॅडमना विचारलं होतं, किडनी तर आईची, मग जीन कुणाचा बघायचा. म्हणाल्या, मुख्यतः तुझाच, कारण औषध तुटतंय तुझ्या आतड्यात आणि लिव्हरमध्ये, लिव्हर बदललं असतं तर देणाऱ्याचाही बघावा लागला असता. आई हे ऐकून जरा खट्टू झाली, तिला वाटलं होतं सगळा कारभार आता तिच्याच किडनीच्या हातात.

आणि काकांचं दोन एमजीचं कोडं? त्यांच्या दोन्ही कॉपी बंद आहेत, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्यांच्या बीपीच्या गोळीत होतं, डिल्टियाझेम. ही गोळी टॅक्रोलिमस तोडणाऱ्या एन्झाइमला धीमं करते, त्यामुळे महागडं औषध कमी लागतं. आपल्याकडे काही युनिट मुद्दाम ती देतात, पेशंटचे पैसे वाचावेत म्हणून. म्हणजे कागदावर ती बीपीची गोळी दिसते पण खरं काम दुसरंच करत असते. आता कुणी भल्या मनाने म्हणालं की ही जुनी गोळी कशाला, अ‍ॅम्लोडिपिन घ्या, तर बीपी मस्त राहील आणि काही दिवसांत टॅक्रोलिमस खाली येईल. काका घरी बसून बीपी १२०-८० बघून खूश, आणि आत किडनीवर हल्ला चालू.

आता माझ्यावरची पाळी सांगतो, २०२२ च्या पावसाळ्यातली. खोकला हटेना, ताप, छातीत घरघर. डॉक्टरांकडे गेलो, चांगले डॉक्टर आहेत, आमच्या घरचं बाळंतपणापासून सगळं त्यांनीच बघितलंय, म्हणून नाव घेत नाही आणि कुणी विचारूही नये. त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन ५०० हे अँटिबायोटिक दिवसातून दोनदा, सात दिवस लिहून दिलं. त्यांनी विचारलं होतं, "बाकी गोळ्या काय चालू?" आणि मी शहाणा म्हणालो, "नेहमीच्याच." फाइल घरी कपाटात. तर अर्धी चूक माझी, आधीच कबूल करतो.

चौथ्या दिवशी सकाळी चहाचा कप बशीत वाजायला लागला. आधी वाटलं थंडी वाजतेय, मग बघितलं तर हातच थरथरतोय, शर्टाचं बटण लागेना. डोकं जड, जिभेला कसलीतरी चव, साखर कधी नव्हे ती २४० आली. युनिटला फोन केला, कोऑर्डिनेटर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन गोळी कुठली सुरू केलीस?" नाव सांगितल्यावर पलीकडे दोन सेकंद शांतता, कारण ही गोळी टॅक्रोलिमस तोडणारं एन्झाइमच अडवते. लेव्हल आली २४, क्रिएटिनिन १.३ चं २.१. टॅक्रोलिमस कमी पडलं तर शरीर किडनीला खातं आणि जास्त झालं तर टॅक्रोलिमसच किडनीला खातं, रक्तवाहिन्या आवळून. अशा दोन विळ्यांच्या मधून आमची वाट. गोळी दोन दिवस बंद, अँटिबायोटिक बदललं, रोज लेव्हल, आणि क्लॅरिथ्रोमायसिन थांबवलं तरी एन्झाइम लगेच मोकळं होत नाही, नवीन तयार व्हायला काही दिवस जातात, त्यामुळे आठवडाभर जीव टांगणीला. क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबलं. पॉइंट वन माझा गेला तो गेलाच.

एक मजेची गोष्ट नंतर कळली. टॅक्रोलिमस सापडलं १९८४ मध्ये जपानात, त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जंतूपासून, आणि त्याची रासायनिक रचना मॅक्रोलाइड जातीची. क्लॅरिथ्रोमायसिन पण मॅक्रोलाइड. म्हणजे दोघं एकाच घराण्यातले आणि भाऊबंदकी माझ्या लिव्हरमध्ये. पण त्याच घराण्यातलं अ‍ॅझिथ्रोमायसिन तसं गरीब आहे, लेव्हल सहसा फारशी हलवत नाही, त्यामुळे नुसतं घराणं बघून पण चालत नाही, प्रत्येकाची कुंडली वेगळी बघावी लागते. एरिथ्रोमायसिन मात्र क्लॅरिथ्रोमायसिनच्याच वळणाचं.

मेडिकलवाल्यांनो, आता खास तुमच्यासाठी. पावसाळ्यात गजकर्णाचे पेशंट किती येतात तुम्हाला माहितीच आहे, जांघेत, काखेत, पट्ट्याखाली, आणि तुम्ही काउंटरवरूनच इट्राकोनॅझोल देता, चिठ्ठी असो नसो. फ्लुकोनॅझोल १५० तर चॉकलेटसारखं जातं. आमची प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यामुळे गजकर्ण आम्हाला जास्तच होतं आणि आम्हीच तुमच्या दारात जास्त येणार. ही "ओनॅझोल"वाली सगळी मंडळी टॅक्रोलिमस वर नेतात, इट्राकोनॅझोल तर शरीरातून निघायलाही बरेच दिवस घेतं, म्हणजे गोळ्या संपल्या तरी खेळ संपत नाही. मलम द्या, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर युनिटला विचारून.

फळांतलं ग्रेपफ्रूट आमच्या फाइलवर लाल पेनने लिहिलेलं असतं, ते आमच्याकडे मिळतच नाही म्हणून आम्ही निवांत. पण त्याचा सख्खा नातेवाईक आपल्या कोकणात झाडावर लटकतोय, पपनस! गणपतीत मावशी दोन भलीमोठी पपनसं घेऊन आली, सोलून मीठ-साखर लावून वाटी माझ्यापुढे, आणि मी फोडी मोजत बसलो. पपनसानेही लेव्हल वाढते. मावशीला समजावायला जास्त वेळ लागला, डॉक्टर व्हायला तेवढा लागत नसेल.

आणि जुलाब. जत्रेनंतर गावाला जुलाब लागतात, सलाइन लागतं, आणि सगळ्यांना वाटतं की पोट धुऊन निघालं म्हणजे गोळीही निघून गेली, दोन जास्त घ्या. टॅक्रोलिमसचं उलटं आहे. आतड्याचं अस्तर सोलवटलं की तिथला औषध तोडणारा पहारेकरीच जागेवर नसतो, मग औषध एरवीपेक्षा जास्त आत शिरतं. जुलाबात आमची लेव्हल वाढते! आधीच पाणी कमी झालेलं, त्यात ही लेव्हल, त्यात कुणी अंग दुखतंय म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारलं तर किडनी बिचारी तिन्ही बाजूंनी अडकली. दुखण्याच्या गोळ्यांबद्दल लांबण लावत नाही: डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन आम्हाला नको, पॅरासिटामॉल द्या.

आता जी गोष्ट सांगायला सगळ्यात जड जाते ती. आमच्या बाकावर एक काकू यायच्या, नवऱ्याने किडनी दिलेली, दोघं मिळून एसटीने रात्रभर प्रवास करून यायचे आणि काकू सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी आणायच्या. त्यांना टीबी झाला. ट्रान्सप्लांटवाल्यांना टीबी होणं आपल्या देशात काही विशेष नाही. गावाजवळच निदान झालं, लगेच औषध सुरू झालं, एकही दिवस वाया गेला नाही, कुणालाही शाबासकी द्यावी असं काम. फक्त ती चार औषधांची एकत्र गोळी होती आणि त्यात रिफाम्पिसिन होतं.

रिफाम्पिसिन क्लॅरिथ्रोमायसिनच्या बरोबर उलटं. ते एन्झाइमला धीमं करत नाही, कारखान्यात शिफ्ट वाढवतं. आठवडा-दोन आठवड्यांत लिव्हर आणि आतडं इतकं एन्झाइम बनवायला लागतं की टॅक्रोलिमस दुप्पट, तिप्पट, कधी पाचपट दिलं तरी पुरत नाही. आणि ज्याची फाइव्हची कॉपी मुळातच चालू आहे, माझ्यासारख्याची, तो आधीच मोठ्या डोसवर, त्याला अजून किती वाढवणार. काकूंची लेव्हल दोनच्या खाली गेली, हे कळलं तेव्हा क्रिएटिनिन दुप्पट झालेलं. बायोप्सी, स्टेरॉइडची इंजेक्शनं, पंधरा दिवस अ‍ॅडमिट. किडनी वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. मग डोस चढवत चढवत लेव्हल आणली. आणि टीबीचा कोर्स संपला त्या दिवशी सगळ्यांनी पेढे वाटले आणि एक गोष्ट विसरली: रिफाम्पिसिन बंद झाल्यावर वाढवलेली शिफ्ट पण दोनेक आठवड्यांत घरी जाते. डोस तोच चढलेला. लेव्हल वर, परत अ‍ॅडमिट.

रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन आहे, त्याचा धक्का कमी असतो, काही पेशंटना लेव्होफ्लॉक्सासिन घेऊन रिफाम्पिसिनशिवायचा कोर्स बसवतात. कुणाला काय ते युनिट आणि छातीचे डॉक्टर बसून ठरवतील. पण त्यांना बसायला सांगणार कोण? पहिली गोळी तुमच्या हातून जाते. एकत्र गोळीतून एक औषध नखाने खरवडून तर काढता येत नाही. फिटच्या गोळ्या, फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिन, यांचीही चाल रिफाम्पिसिनसारखीच, लेव्हल खाली.

जुन्या ट्रान्सप्लांटवाल्यांत काहीजण अ‍ॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आहेत, त्यांचं जीनचं प्रकरण वेगळं, टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५, आणि आपल्या आशियाई लोकांत दुसरं जास्त महत्त्वाचं. जीनमध्ये खोट असेल तर साध्या डोसालाही पांढऱ्या पेशी धडाधड पडतात. आणि जीन चांगला असला तरी यूरिक अ‍ॅसिड वाढलं, अंगठा सुजला म्हणून अ‍ॅलोप्युरिनॉल दिलं की तोच प्रकार, कारण अ‍ॅझाथायोप्रिन निकामी करणारी एक वाटच अ‍ॅलोप्युरिनॉल बंद करतं. फेब्युक्सोस्टॅटपण त्याच वाटेवर उभं. गाउटची गोळी किती साधी वाटते ना लिहायला.

काही डॉक्टर विचारतील, मग सगळ्यांची जीन टेस्ट करा म्हणतोस का? नाही म्हणत. २०१० मध्ये फ्रान्समध्ये अडीचशेवर पेशंटवर हे करून बघितलं, जीन बघून डोस दिला तर लेव्हल लवकर जागेवर आली, पण रिजेक्शन काही कमी झालं नाही. त्यांच्याकडे लेव्हल रोज हातात मिळते, मग दोन-चार दिवसांच्या फरकाने बुडत नाही. माझ्या बाबतीत टेस्टने एवढंच केलं की आईला आणि मला चोर ठरवणारे प्रश्न थांबले, आणि मला विचाराल तर तेवढ्यासाठी पैसे वसूल. पण जीन हा जन्मभराचा एक आकडा, आणि नवीन गोळी, जुलाब, पपनस हे दर महिन्याला दारात उभे. तालुक्यात आमचा घात होतो तो या दुसऱ्या बाजूने.

म्हणून मागणं छोटं आहे. आमच्या चिठ्ठीवर टॅक्रोलिमस किंवा त्याच कामाचं सायक्लोस्पोरिन दिसलं की डोस कमी वाटो नाहीतर जास्त, स्वतः दुरुस्त करू नका, चिठ्ठीवरच्या नंबरला फोन करा. ब्रँड बदलून देणार असाल तर सांगून द्या, म्हणजे आम्ही लेव्हल करून घेऊ, आणि दिवसातून एकदा घ्यायची लाँग अ‍ॅक्टिंग कॅप्सूल दोनदा घ्यायच्या कॅप्सूलच्या जागी तर चुकूनही देऊ नका, नाव सारखं असलं तरी. नवीन गोळी सुरू करताना फोन करा आणि बंद करतानाही करा, बंद करतानाचा फोन सगळेच विसरतात. आम्ही पण आमच्या बाजूने सुधारलोय, मी आता आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी लॅमिनेट करून ठेवलीय, त्यावर औषध, डोस, "चालू कॉपी, डोस जास्तच लागतो, चूक नाही" असं मराठीत आणि खाली युनिटचा फोन. "नेहमीच्याच" हा शब्द मी तोंडातून काढून टाकलाय.

कलेक्शन सेंटरवाल्यांना वेगळं सांगायचंय. आमची लेव्हल म्हणजे कधीही काढलेलं रक्त नाही, रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी आणि सकाळची गोळी घ्यायच्या आधी काढायचं असतं, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, कारण औषध लाल पेशींत बसलेलं असतं. तुमच्या मुलाने एकदा लाल झाकणाची भरली आणि पुण्याहून सॅम्पल रिजेक्ट होऊन आलं, दोन हजार आणि दोन दिवस गेले, ते असू दे. गोळी घेऊन मग रक्त दिलं तर आकडा फुगलेला येतो, डॉक्टर डोस कमी करतात आणि मग खरंच कमी पडतं. माझ्या गोळीची वेळ सकाळी आठ आणि रात्री आठ. तुमचं शटर उघडतं साडेनऊला, मुलगा येतो दहाला. महिन्यातून एक मंगळवार कुणी आठला येऊ शकेल का, एवढंच विचारायचंय, कारण सध्या त्या दिवशी मी आठची गोळी रुमालात बांधून, पाण्याची बाटली घेऊन दहापर्यंत तुमच्या पायरीवर बसतो, आणि आई घरून तीनदा फोन करते, घेतली का रं.

आपला,
आईची किडनी घेऊन फिरणारा एक पेशंट, सातारा जिल्हा